तुतीच्या जॅमचा राखीव नमुना

परसात तुतीचं झाड असलं की माणसाला ते वर्षभर आठवत नाही आणि फळं पिकली की पंधरा दिवस दुसरं काही आठवत नाही. फळं एकदम पिकतात, एकदम गळतात, आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांशी त्यांचं काय वैर असतं कोण जाणे, नेम धरल्यासारखी त्यांच्यावरच पडतात. नियमरावांच्या परसातलं झाड घराबरोबरच आलं होतं. अर्धी फळं पाखरं खायची, उरलेली चपलांना चिकटून घरात यायची. नियमरावांची बायको दर वर्षी म्हणायची, "यंदा हे झाड तोडून टाका." आणि नियमराव दर वर्षी म्हणायचे, "झाड तोडायला परवानगी लागते." एवढ्या संवादावर त्या झाडाचं आयुष्य आतापर्यंत निघालं होतं.

नियमराव हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. अन्न तपासणीच्या कार्यालयात ते नमुना विभाग सांभाळायचे. दुकानांतून, कारखान्यांतून आणलेले खाण्याचे जिन्नस आधी त्यांच्या टेबलावर यायचे. मग ते बरणीला दोरी बांधायचे, गाठीवर वितळलेली लाख ओतायचे, लाखेवर शिक्का उठवायचे आणि नमुना वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत धाडायचे. एकदा साहेबांनी स्वतःच्या बढतीचा केक आणला तेव्हा सगळे सुऱ्या-काटे घेऊन त्यावर तुटून पडले, आणि ह्यांनी शांतपणे विचारलं, "ह्याचा नमुना काढलाय का?" त्या दिवसापासून ते नियमराव झाले. लोक चेष्टेने म्हणायचे आणि ते पदवी मिळाल्यासारखे ऐकायचे.

अशा माणसाने जॅम करायचं मनात आणलं, ह्याच्या मुळाशी दोन शब्द होते: "ठेवा तिकडे."

हे शब्द त्यांच्या सासऱ्यांचे. म्हातारबुवा माणूस वाईट नव्हता, पण भेट द्यावी असा नव्हता. नियमरावांनी आजवर त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, पाय शेकायची पिशवी दिली, वाचायला मान वळवता येणारा दिवा दिला. प्रत्येक वेळी म्हातारबुवांनी मान वर न करता म्हटलं, "ठेवा तिकडे." तिकडे म्हणजे खिडकीशेजारच्या उंच कपाटावर. सगळ्या वस्तू वेष्टनासकट तिथे बसलेल्या होत्या. आणि मोठे जावई, म्हणजे नियमरावांचे साडू, दर वर्षी स्वतःच्या बागेतल्या संत्र्यांच्या जॅमची बरणी घेऊन यायचे. तिचं झाकण मात्र उभ्याउभ्या उघडलं जायचं, बोट आत जायचं, आणि "वा!" असा उद्गार निघायचा. तो "वा" साडू घरी जाईपर्यंत अंगावर शालीसारखा मिरवायचे.

पुढच्या रविवारी म्हातारबुवांना ऐंशी वर्षं पुरी होत होती. नियमरावांनी परसात जाऊन वर पाहिलं. झाड फळांनी काळंजांभळं झालं होतं.

"यंदा आपण तुतीचा जॅम करायचा," ते आत येऊन म्हणाले.

"आपण म्हणजे मी," बायको म्हणाली.

"नाही, नाही. तू फक्त शिजव. बाकी सगळं मी बघतो."

बायकोने कपाळाला हात लावला, पण तिला मनातून बरं वाटलं. तिच्या बापाचं "ठेवा तिकडे" तिलाही दर वर्षी बोचत होतंच. नवऱ्याची बाजू घ्यायची तर बाप दुखावतो आणि बापाची घ्यायची तर नवरा, म्हणून ती गप्प बसायची, एवढंच.

आता परसात शिडी उभी राहिली की शेजारी यायला निमंत्रण लागत नाही. पहिले आले बंबवाले काका. काका अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते, पण आतली घंटा काही निवृत्त झालेली नव्हती. झाडाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "एकेक फळ तोडत बसलात तर पुढच्या वर्षापर्यंत पुरेल. झाड हलवायचं आणि खाली चादर ताणून धरायची. आम्ही माणसं झेललीत चादरीत, तुती म्हणजे किस झाड की पत्ती!"

चादर समोरच्या नर्सबाईंच्या दोरीवर वाळत होती. पांढरीशुभ्र. नर्सबाईही निवृत्तच, पण त्यांच्या चादरीला आजही इस्पितळाची शिस्त होती. काकांनी ती मागितली नाही, आणीबाणीत मागायचं नसतं. नर्सबाई जाब विचारायला आल्या आणि त्यांच्याच हातात त्यांच्याच चादरीचं एक टोक देण्यात आलं. दुसरं टोक बायकोने धरलं, तिसरं काकांनी, आणि चौथं दोरीच्या खांबाला बांधलं. नियमराव शिडीवर चढले.

"हलवा!" काका ओरडले.

नियमरावांनी फांदी हलवली. फळांचा सडा चादरीत पडला. नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आणखी वर! ती शेंड्याची फांदी!"

"शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहू नये असं शिडीवरच लिहिलंय," नियमराव वरून म्हणाले.

"अहो, ते शिडी विकणाऱ्याने लिहिलंय, तुती खाणाऱ्याने नाही! हलवा!"

नियमरावांनी मन घट्ट करून वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि फांदी हलवली. फांदीने शिडी हलवली. शिडी एका बाजूला निघाली आणि नियमराव फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळत राहिले. त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण ते कोणाला ऐकवायची ही जागा नव्हती.

"घाबरू नका!" काकांचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला. "वहिनी, डावीकडे! बाई, ताण सोडू नका! हं, सोडा हात!"

"पडताना काय करायचं असतं?" नियमरावांनी विचारलं.

"पडायचं असतं!"

ते पडले. चादरीने झेललं, चादरीतल्या तुतींनी स्वागत केलं, आणि पच्च असा एक मोठा आवाज झाला. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या वर्षांनी झेललं हो कोणालातरी," ते म्हणाले आणि त्यांनी नियमरावांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. पाठ जांभळी होती, थापेने काकांचा हातही जांभळा झाला. नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "ह्यांच्याखालची फळं वेगळी काढा. ती घ्यायची नाहीत."

तरीही पातेलंभर फळं निघाली. चादर तर गेलीच होती, तेव्हा नर्सबाईंनी भीड सोडून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बरण्या उकळल्या, झाकणं उकळली, चमचे उकळले. नियमरावांचा चष्मा ओट्यावर राहिला होता, तोही उकळला. बायकोने साखर घालून फळं आटवली, आणि घरभर असा वास सुटला की काका तीनदा "काही जळतंय का" हे बघायला आले. दिवे लागायच्या सुमाराला ओट्यावर पाच बरण्या उभ्या राहिल्या. नियमराव त्यांच्याकडे बघत बसले. मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांचा चेहरा इतका कोवळा झाला नव्हता.

आणि तिथेच नर्सबाईंनी हात पुसता पुसता म्हटलं, "घरच्या बंद बरण्यांचं मात्र सांगता येत नाही हं. आमच्या वॉर्डात एकदा एक कुटुंबच्या कुटुंब आलं होतं. बरणी दिसायला अगदी अश्शीच होती."

"मग? काय झालं त्यांचं?"

"वाचले. पण नंतर कधी कोणाकडे जेवायला गेले नाहीत."

नर्सबाई गेल्या. नियमरावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: ऐंशीवा वाढदिवस, सगळं गणगोत जमलेलं, म्हातारबुवा चमचा तोंडात घालतात आणि खुर्चीतच कलंडतात. आणि साडू सगळ्यांना सांगत सुटतात की संत्र्याच्या जॅमने असं कधीच झालं नाही.

"ह्याची तपासणी झाली पाहिजे," ते म्हणाले.

बायको पातेलं बोटाने चाटत होती. "झाली. मस्त झालाय."

"चाटणं म्हणजे तपासणी नव्हे."

"अहो, मी जिवंत आहे ना?"

"एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही," नियमराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धडधाकट उठून त्यांना चहा देऊ लागली, तेव्हाही ते ह्या मतावर ठाम होते.

पाचही बरण्या ते पिशवीत घालून कार्यालयात घेऊन गेले. एकच न्या, असं बायकोने परोपरीने सांगितलं. पण घरी राहिलेल्या बरण्यांशी कोणी छेडछाड केली नाही ह्याची खात्री कोण देणार? कोणाही नागरिकाला स्वतःच्या पदार्थाचा नमुना तपासून मागता येतो, असा नियम होता. तेव्हा नियमरावांनी टेबलाच्या ह्या बाजूला उभं राहून, नागरिक म्हणून बरण्या दिल्या. मग टेबलाच्या त्या बाजूला बसून, कार्यालय म्हणून घेतल्या, आणि स्वतःला पोच लिहून दिली. प्रत्येक बरणीला दोरी, गाठ, लाख, शिक्का. एक बरणी प्रयोगशाळेत. एक राखीव नमुना म्हणून त्यांच्याच मागच्या लोखंडी कपाटात, म्हणजे पुढे वाद झाला तर पुन्हा तपासायला असावी. राखीव नमुना अहवाल आल्याशिवाय हलवायचा नाही, असा नियम. तो त्यांनी कित्येक नवशिक्यांना तोंडपाठ करायला लावला होता.

दुपारी वरून चिठ्ठी आली: "नमुना अपुरा. आणखी एक पाठवावा."

नियमरावांना अभिमान वाटला. काय कसून काम करतात लोक! त्यांनी दुसरी बरणी पाठवली. दुसऱ्या दिवशी कळलं की वीज गेल्याने चाचणी बिघडली, पुन्हा पाठवा. तिसरी गेली. मग पडताळणी करायची ठरली. चौथी गेली. प्रयोगशाळेचा शिपाई बरणी न्यायला स्वतः धावत खाली आला. हाक मारूनही तासाभराने उगवणारा हा प्राणी धावतोही, हे नियमरावांनी आजच पाहिलं.

"अरे, तुझी जीभ का अशी जांभळी झालीय?" त्यांनी काळजीने विचारलं.

शिपायाने तोंड मिटलं आणि मान हलवली.

"डॉक्टरला दाखव. अशी दुखणी अंगावर काढू नयेत."

शिपाई मान हलवतच जिना चढला.

शुक्रवार उजाडला तरी अहवाल नाही. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "बरण्या?"

"चार तपासणीत आहेत. पाचवी राखीव आहे."

"कुठे?"

"माझ्या कपाटात."

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्या खिशात. पण अहवालाशिवाय काढायची तर साहेबांची परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला होता. साहेबांनी तो संबंधित कर्मचाऱ्याच्या अभिप्रायासाठी पाठवला."

"मग त्या कर्मचाऱ्याने काय लिहिलं?"

नियमराव चष्मा पुसू लागले. "तो मीच. 'नियमात बसत नाही' असं लिहिलं."

बायको खुर्चीत बसली. आधी ती संतापली, मग तिला हसू आलं, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! मी तासभर पातेल्याशी उभी राहिले ते बाबांच्या तोंडून एकदा तरी तुमच्यासाठी 'वा' ऐकावं म्हणून. जा, परवा रिकाम्या हाताने जाऊ आणि स्वतःच कपाटावर चढून बसा. म्हणजे बाबांना 'ठेवा तिकडे' म्हणायचेही कष्ट नकोत."

हे मात्र लागलं. शनिवारी अर्धा दिवस काम होतं. टेबलं आवरून लोक निघाले तेव्हा नियमराव जिन्यापाशी उभे होते. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: नमुना विभागाच्या कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेत प्रवेश नाही. खालच्यांनी वर जाऊन तपासणीत ढवळाढवळ करू नये म्हणून हा नियम, आणि ही पाटी भिंतीवर ठोकताना खुर्ची धरून उभे राहिले होते तेही नियमरावच. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पाटीकडे पाहायचं टाळलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर पोहोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. पायऱ्या काही फार नव्हत्या.

दार लोटलं तर प्रयोगशाळेत भाजलेल्या पावाचा वास दरवळत होता. नमुने सुकवायच्या भट्टीत पावाचे काप खरपूस होत होते. टेबलाभोवती प्रयोगशाळा बसलेली होती, सगळीच्या सगळी, आणि मधोमध काचेच्या चंचुपात्रात थोडासा जॅम उरला होता. शिपाई काचेच्या कांडीने पावाला जॅम लावत होता. नियमरावांना बघून त्याने पाव खणात टाकला आणि खण बंद केला. सगळ्यांचे ओठ जांभळे होते. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"ही कोणती चाचणी?" नियमरावांनी विचारलं.

प्रयोगशाळेच्या मुख्य बाई उभ्या राहिल्या. केस पिकलेल्या, कडक बाई. त्यांच्या सहीला कारखानदार चळचळा कापायचे. "चवीची," त्या खाली मान घालून म्हणाल्या.

"ती यादीत नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. "बसा. खरं सांगते. बाकीच्या सगळ्या चाचण्या पहिल्याच दिवशी पहिल्याच बरणीतून झाल्या. तुमचा जॅम उत्तम आहे. अहो, मी अख्खी नोकरी तुम्ही पाठवलेल्या बरण्या उघडण्यात घालवली. तिखटात विटकरीची पूड, मधात गुळाचं पाणी, लोण्यात काय काय ते विचारूच नका. बरणीवर एक लिहिलेलं आणि आत भलतंच. आणि त्या दिवशी एक बरणी उघडली, तर तुती लिहिलेलं आणि आत तुती! मला वाटलं, यंत्रच बिघडलं. म्हणून थोडा चाखला. मग ह्याने चाखला. मग..." त्यांनी रिकाम्या बरण्यांकडे हात केला. "चुकलं आमचं. अहवाल दिला तर बरण्या यायच्या थांबतील, म्हणून दिला नाही."

नियमरावांना आठवलं की आता रागवायला हवं. एवढा धडधडीत नियमभंग त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते रागवण्यासाठी श्वास घेऊन खुर्चीत बसले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "साखर जास्त नाही ना झाली?"

"तसूभरही नाही!" सगळी प्रयोगशाळा एका सुरात म्हणाली. शिपायाने खणातून पाव काढून त्यांच्यापुढे ठेवला. नियमरावांनी आपलाच जॅम त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. त्यांना आपल्या बायकोचा फार अभिमान वाटला आणि शिडीवरून पडल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

बाईंनी अहवाल लिहून शिक्क्यानिशी हातात दिला. "नमुन्यात तुती व साखर आढळली. अन्य काहीही आढळले नाही." नियमरावांनी ते वाक्य जिना उतरताना पुन्हा पुन्हा वाचलं. मग कपाट उघडलं, राखीव बरणी काढली, तशी नोंद केली, आणि नागरिक म्हणून ताब्यात घेतली.

रविवारी म्हातारबुवांचं घर माणसांनी फुललं होतं. साडू आधीच आले होते. त्यांच्या बरणीला रेशमी फीत होती आणि झाकणावर चिटाची टोपी. ती टेबलाच्या मधोमध बसली होती. नियमरावांनी वाकून नमस्कार केला आणि आपली बरणी पुढे केली. बायकोने पदर मुठीत घट्ट धरला.

म्हातारबुवा कोणाशीतरी बोलत होते. मान न वळवता ते म्हणाले, "ठेवा तिकडे."

नियमराव सवयीने कपाटाकडे निघाले. तेवढ्यात म्हातारबुवांची नजर वळली.

"थांबा! त्या बरणीला काय लावलंय? लाख?"

"होय. सील आहे," नियमराव म्हणाले.

"आणा इकडे." म्हातारबुवांनी बरणी डोळ्यांजवळ नेली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि दोरी ओढली.

"अहो, नाही!" नियमराव एकदम ओरडले. सगळं घर वळून बघू लागलं. "सील असं फोडता येत नाही. दोन पंच लागतात. त्यांनी सील शाबूत असल्याचं आधी तोंडाने सांगावं लागतं."

बायकोने डोळे मिटून घेतले. साडू गालात हसले. म्हातारबुवा जावयाकडे टक लावून बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर, वाढदिवसाच्या त्या सगळ्या गोंधळात पहिल्यांदाच, काहीतरी उजळलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "इतक्या थाटात उघडायची भेट मला आजवर कोणी आणली नव्हती. मोठे जावई, या इकडे. तुम्ही पहिले पंच. बघा नीट. सील शाबूत आहे?"

साडूंनी हसू आवरून बरणी पाहिली. "आहे."

"मोठ्याने सांगा."

"सील शाबूत आहे!" साडू म्हणाले. दुसरी पंच धाकटी लेक, म्हणजे नियमरावांची बायकोच, झाली. तिने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या खोलीतली पोरं धावत आली. नियमरावांनी अहवाल वाचून दाखवला. तुती व साखर आढळली, अन्य काहीही आढळले नाही. म्हातारबुवांनी लाख फोडली, चमचा मागवला, आणि पाव आणायला गेलेल्या माणसाची वाट न बघता खायला सुरुवात केली.

ते "वा" म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत. दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. ओठ जांभळे झाले. एका नातवाने बोट पुढे केलं तर त्यांनी बरणी मांडीत घेतली.

"एकच आणलीत?" अखेर त्यांनी विचारलं.

नियमरावांनी फळं काढण्यापासून बाकीच्या चार बरण्यांचं काय झालं इथपर्यंत सगळं सांगितलं. खांबाला बांधलेली चादर, शिडीवरून पडणं, अपुरा नमुना, गेलेली वीज, शिपायाची जीभ, भट्टीतला पाव, स्वतःच स्वतःच्या अर्जावर लिहिलेला अभिप्राय. म्हातारबुवा हसू लागले ते थांबेनात. हसता हसता ठसका लागला, पाणी दिलं तर त्यातही हसले. "बसा इथे, माझ्याजवळ," त्यांनी खुर्ची थोपटली. "पुढच्या वर्षी फळं काढताना मला बोलवा. चादरीचं एक टोक मी धरीन. खांबाला काय बांधता!"

बायको उगाच खिडकीचा पडदा नीट करायला गेली आणि तिथेच डोळे पुसून परत आली.

साडूंना आता राहवेना. त्यांनी रेशमी फितीची बरणी हळूच पुढे सरकवली. "बाबा, हाही बघा ना जरा. यंदाची संत्री फार गोड होती."

म्हातारबुवांच्या तोंडात चमचा होता. त्यांनी मान वर केली नाही.

"ठेवा तिकडे," ते म्हणाले.

साडू बरणी हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. तिकडे म्हणजे कुठे, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. नियमराव उठले, त्यांच्या हातातून बरणी अलगद घेतली, आणि घड्याळ आणि दिव्याच्या मधे जागा करून ती नीट ठेवून दिली.